विश्लेषण : सॉफ्टवेअरच्या गरजा आता एआय नोंदवणार; पण प्रश्न विचारायचे कोणाला?

नवी दिल्ली : सॉफ्टवेअर उद्योगातील कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आतापर्यंत प्रामुख्याने कोड लिहिण्यापुरती मर्यादित होती. आता ती एक पायरी मागे सरकली आहे. ग्राहकाला नेमके काय हवे आहे हे विचारून, ऐकून आणि पडताळून लिहून काढण्याचे काम, ज्याला उद्योगात ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग’ म्हणतात, तेही एआय सहायकांकडे सोपवले जाऊ लागले आहे. बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकून इतिवृत्त तयार करणे, जुनी परिपत्रके वाचून नियमांची यादी काढणे, ग्राहकाला पुढचा प्रश्न सुचवणे आणि अखेरीस शंभर पानांचा मसुदा समोर ठेवणे, हे सारे काही तासांत होते. पूर्वी याच कामाला आठवडे लागत.

हा बदल केवळ कंपन्यांच्या अंतर्गत कार्यपद्धतीपुरता असता, तर त्याची दखल उद्योगाच्या पानांपुरती राहिली असती. मात्र भारतात रेशन, मजुरी, पोषण आहार, करभरणा आणि लसीकरण यांसारख्या बाबी सॉफ्टवेअरमधूनच नागरिकांपर्यंत पोहोचतात. त्या सॉफ्टवेअरने काय करावे, हे ज्या कागदावर ठरते तो कागद कोण लिहितो आणि कोणाला विचारून लिहितो, हा आता प्रशासनाचा प्रश्न झाला आहे.

फिरून पुन्हा कागदाकडे

ओपनएआयचे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले आणि त्यानंतरची दोन वर्षे कोड झटपट लिहून मिळण्याच्या कौतुकात गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संशोधक आंद्रेज कार्पाथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. यंत्राला साध्या भाषेत सांगत राहायचे, त्याने दिलेला कोड फारसा न वाचता स्वीकारायचा, असा त्याचा आशय. गंमत अशी, की त्याच वर्षी उद्योगाची पावले उलट दिशेने वळली. जुलै २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘किरो’ हे साधन आणले. ते कोडला हात लावण्याआधी गरजांचा, मग रचनेचा आणि त्यानंतर कामांच्या यादीचा मसुदा बनवते. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये गिटहबने ‘स्पेक किट’ हा मुक्त संच प्रसिद्ध केला. आधी तपशील लिहा, मग बांधा, हे तत्त्व नव्या नावाने परत आले.

त्यात नवे फारसे काही नाही. अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८७ मध्येच आपल्या गाजलेल्या निबंधात, सॉफ्टवेअर बांधण्यापेक्षा काय बांधायचे हे ठरवणेच सर्वांत अवघड असल्याचे मांडले होते. किरो गरजा ज्या साच्यात लिहिते तो ‘इअर्स’ नावाचा साचाही जुनाच आहे. विमानाच्या इंजिनांच्या नियंत्रण प्रणालीवर काम करताना रोल्स-रॉइसमधील अभियंत्यांनी तो विकसित केला आणि २००९ मध्ये जगासमोर मांडला. ‘अमुक घडले की प्रणालीने तमुक करावे’, ‘अमुक स्थिती असेपर्यंत प्रणालीने तमुक करत राहावे’, ‘नको ते घडल्यास प्रणालीने असे करावे’ अशी मोजकीच वाक्यरूपे त्यात आहेत. मोकळ्या गद्यातील संदिग्धता त्यामुळे बरीच कमी होते आणि भाषेच्या साच्यात मजकूर बसवणे, हे तर या यंत्रांचे हातखंडा काम.

या बाबतीत एआय सहायकांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दोनशे पानांच्या दोन दस्तऐवजांतील परस्परविरोधी कलमे शोधणे माणसाला कंटाळवाणे वाटते. यंत्राला कंटाळा नाही. इंटरनेट नसेल तर काय, अर्जदाराचे निधन झाले तर काय, दोन अधिकाऱ्यांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली तर काय, असे प्रश्न नवशिक्या विश्लेषकाला सुचत नाहीत आणि अनुभवी विश्लेषक घाईत विसरतो. सहायक ते न चुकता विचारतो. आणखी एक फायदा संकोचाशी निगडित आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा साधा संवादी प्रोग्रॅम सादर केला, तेव्हा लोक त्याच्यापाशी मनमोकळे बोलतात हे पाहून ते स्वतःच चकित झाले होते. आपल्याच खात्याचा नियम आपल्याला नीट ठाऊक नाही, हे वरिष्ठांदेखत कबूल करण्यापेक्षा यंत्राला विचारणे अनेकांना सोपे जाते.

दोन छायाचित्रांची हजेरी

अडचण सुरू होते ती यंत्राला कोणी उत्तरे द्यायची इथून. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील हजेरीच्या अ‍ॅपचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ‘नॅशनल मोबाइल मॉनिटरिंग सॉफ्टवेअर’ या नावाचे हे अ‍ॅप १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या ठिकाणी सक्तीचे झाले. मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, स्थळ आणि वेळेच्या नोंदीसह छायाचित्र काढून घ्यायची, अशी त्याची रचना होती. उद्देश बनावट हजेरी रोखण्याचा होता आणि तो रास्तच होता.

परंतु या योजनेत मजुरी अनेक ठिकाणी झालेल्या कामाच्या मोजमापावर ठरत असे. ठरलेला खड्डा सकाळी लवकर खणून मोकळे होणारा मजूर उन्हाच्या आत घरी जाऊ शकत असे. दुसऱ्या छायाचित्राच्या अटीमुळे, काम संपले तरी त्याला थांबणे किंवा पुन्हा येणे भाग पडले. कामाच्या मापाने चालणारी योजना आणि तासांच्या मापाने चालणारे अ‍ॅप यांचा मेळ बसला नाही. त्यात दुर्गम भागांत नेटवर्कची अडचण. छायाचित्र चढले नाही तर दिवसाच्या मजुरीवरच पाणी. दुसरीकडे ज्या गैरप्रकारासाठी हा खटाटोप झाला, तोही थांबला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्राचेच काढलेले छायाचित्र अ‍ॅपवर चढवले जात आहे.

हे अ‍ॅप एआयने आखलेले नव्हते. तरीही ‘बनावट हजेरी रोखायची आहे’ एवढीच गरज आजच्या एखाद्या सहायकासमोर ठेवली, तर तो स्थळनोंद, वेळनोंद, दोन छायाचित्रे आणि जिल्हानिहाय डॅशबोर्ड याच वळणाचा आराखडा सुचवण्याची शक्यता मोठी आहे. नेटवर्क नसल्यास काय, हा प्रश्नही तो बहुधा विचारेल. मजुरी वेळेवर की मापावर, हेही योजनेचा कायदा वाचायला दिला तर त्याच्या लक्षात येऊ शकते. शहरातून आलेल्या तरुण अभियंत्यापेक्षा कदाचित लवकरच. मात्र मजूर दुपारी बाराला घरी का जातो, हे मंत्रालयातील बैठकीत उपस्थित असलेल्यांपैकी कोणी सांगेल याची शाश्वती नाही आणि यंत्र ज्या बैठकीला बसवले जाते, ती हीच बैठक असते.

पोषण ट्रॅकरच्या बाबतीतही असेच घडले. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करून आंदोलन केले. फोन निकृष्ट असल्याच्या तक्रारीबरोबरच अ‍ॅपमध्ये माहिती मराठीतून भरता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुलाचे वजन, उंची, आहार यांची नोंद करणारी व्यक्ती कोणत्या भाषेत लिहिते, हा तांत्रिकदृष्ट्या अगदी प्राथमिक प्रश्न आहे. तो सुचण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची नव्हे, तर एका अंगणवाडीत अर्धा दिवस बसण्याची गरज होती. कोविन संकेतस्थळालाही मराठीसह इतर भारतीय भाषांची जोड जून २०२१ मध्ये मिळाली, म्हणजे लसीकरण सुरू होऊन साडेचार महिने उलटल्यावर. तोवर इंग्रजी न येणाऱ्यांच्या अडचणीकडे सर्वोच्च न्यायालयानेही लक्ष वेधले होते.

‘चालेल’चा अर्थ काय?

भाषेचा प्रश्न इथे संपत नाही. सॉफ्टवेअरच्या गरजा लिहिण्याची आंतरराष्ट्रीय मानके इंग्रजी क्रियापदांच्या सूक्ष्म फरकावर उभी आहेत. ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, ‘शुड’ म्हणजे इष्ट, ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. मराठीतील ‘करावे’ मात्र आज्ञा, सल्ला आणि अपेक्षा अशा तिन्ही अर्थांनी वापरले जाते आणि शासकीय परिपत्रकांत तर ते सर्रास सापडते.

बोलण्यात हा गुंता आणखी वाढतो. बैठकीत एखाद्या प्रस्तावावर अधिकारी ‘चालेल’ म्हणतो, तेव्हा ती मान्यता असते, नाइलाज असतो की विषय संपवण्याची घाई, हे स्वरावरून आणि त्या माणसाच्या स्वभावावरून कळते. ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नकार. हिंदी पट्ट्यातील ‘देख लेंगे’चेही तेच. अनुभवी विश्लेषक अशा वेळी वहीत प्रश्नचिन्ह काढतो आणि चहाच्या वेळी त्या अधिकाऱ्याला पुन्हा गाठतो. इतिवृत्त लिहिणारे यंत्र मात्र ‘चालेल’ची नोंद ‘मंजूर’ अशी करू शकते. एकदा तो शब्द कागदावर आला, की त्याखाली स्वाक्षऱ्या होतात.

भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ उपक्रम सुरू केला आणि त्यातून वाक् ओळख व भाषांतराची साधने उपलब्ध होत आहेत. गावपातळीवरच्या मुलाखती मराठी, ओडिया किंवा संथाळीतून घेऊन त्या एकत्र तपासण्याची सोय यातून झाली, तर ती या क्षेत्रातील मोठी भर ठरेल. सध्या मात्र सहायकांचा वापर मुख्यतः कार्यालयातील इंग्रजी-मिश्रित बैठकांसाठीच होताना दिसतो. ज्यांचा आवाज कागदावर येण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत हे साधन सर्वांत शेवटी पोहोचते आहे.

होयबा सहायक

दुसरा धोका यंत्राच्या स्वभावात आहे. भाषा-प्रारूपे पुढचा संभाव्य शब्द सांगण्यासाठी आणि वापरकर्त्याला आवडेल असे उत्तर देण्यासाठी घडवली जातात. माहितीत खंड असेल, तर तिथे थांबण्याऐवजी खपून जाईल असा मजकूर भरण्याकडे त्यांचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या जीपीटी-४ओ प्रारूपाची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. ती वापरकर्त्याची अवाजवी खुशामत करते, हे कंपनीनेच मान्य केले. गप्पांसाठी हा दोष हास्यास्पद ठरेल, पण गरजा नोंदवण्याच्या कामात तो घातक आहे. या कामात चांगल्या विश्लेषकाची किंमत त्याने किती वेळा ‘हे का हवे?’ असे विचारले आणि किती मागण्या खोडून काढल्या, यावर ठरते. होयबा सहायक मागण्यांची यादी वाढवत नेतो.

रिकाम्या जागा भरण्याच्या खोडीचे ताजे उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. तेथील रोजगार विभागाने बेरोजगारांवरील दंडात्मक कारवाई हाताळणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेचा आढावा घेण्याचे काम डेलॉइट या सल्लागार संस्थेला दिले होते. सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या या अहवालात अस्तित्वात नसलेल्या संशोधनाचे संदर्भ आणि न्यायालयीन निकालातील एक बनावट अवतरण आढळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात एआयच्या वापराची कबुली होती आणि संस्थेने शुल्काचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. अहवालाच्या मूळ शिफारशी कायम असल्याचे विभागाने सांगितले. या अहवालाचा एक प्रमुख निष्कर्ष काय होता, हे इथे महत्त्वाचे आहे. संगणक प्रणालीतील नियम आणि त्यामागचा कायदा यांची सांगड दाखवता येत नाही, असा तो होता. प्रत्येक नियमाचा उगम दाखवा असे सांगणाऱ्या अहवालाच्या स्वतःच्या संदर्भांचाच उगम सापडला नाही.

भारतात या चुकीची किंमत निविदा पद्धतीमुळे वाढते. शासकीय प्रकल्पात सल्लागार आधी कार्यात्मक गरजांचा दस्तऐवज तयार करतो, तो निविदेला जोडला जातो आणि निवडलेली कंपनी त्यावरून तपशीलवार मसुदा बनवून खात्याची मंजुरी घेते. त्यानंतरचा प्रत्येक फेरफार ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून मोजला जातो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. यंत्राने गृहीत धरून लिहिलेले एक वाक्य अशा रीतीने कराराचे कलम होऊन बसते. ते कोणी सांगितले होते, हे दोन वर्षांनी शोधू गेल्यास उत्तर मिळत नाही, कारण ते कोणीच सांगितलेले नसते.

कागदावर निर्दोष दिसणारी रचनाही फसू शकते, हे वस्तू व सेवा कराने दाखवून दिले आहे. १ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या या करात विक्रेत्याचे विवरणपत्र, खरेदीदाराचे विवरणपत्र आणि दोहोंचा मेळ घालणारे तिसरे विवरणपत्र अशी तर्कशुद्ध साखळी कल्पिली होती. लहान व्यापाऱ्याला दर महिन्याला ती पेलेल का, याचे उत्तर अंमलबजावणीनंतर मिळाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीतील बैठकीत जीएसटी परिषदेने दुसरे आणि तिसरे विवरणपत्र लांबणीवर टाकले आणि तात्पुरती सोय म्हणून आलेले संक्षिप्त ३बी विवरणपत्रच रूढ झाले. देयकांचा मेळ घालण्याची मूळ व्यवस्था दोन वर्षांनंतरही उभी राहिली नसल्याचा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात ठेवला. अंतर्गत विसंगती शोधण्यात पटाईत असलेल्या यंत्राला त्या मूळ आराखड्यात कदाचित एकही चूक सापडली नसती.

गोपनीयता आणि रोजगार

गरजा नोंदवताना खात्याच्या अंतर्गत त्रुटी, अधिकाऱ्यांची स्पष्ट मते आणि लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती सहज बोलली जाते. ती कोणत्या देशातील सर्व्हरवर जाते, हा प्रश्न अनुषंगाने येतोच. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाद्वारे कार्यालयीन उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरण्यास मनाई केली ती याच कारणासाठी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. खात्याने मनाई केली तरी कंत्राटदार कंपनीचा कर्मचारी तेच इतिवृत्त स्वतःच्या लॅपटॉपवरून सहायकाला देत असेल, तर मनाईला अर्थ उरत नाही. ही पळवाट बहुतेक ठिकाणी अद्याप उघडीच आहे.

नॅसकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतीय तंत्रज्ञान उद्योगात सुमारे ५८ लाख लोक काम करत होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के मनुष्यबळ कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा त्याचा भार मधल्या आणि वरच्या फळीवर पडणार असल्याचे सांगितले होते. ही कपात एआयमुळे नसून कौशल्यांचा मेळ न बसल्याने असल्याचा खुलासा कंपनीने केला. तरीही ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ हे पद कोणत्या दिशेने जाणार, याची धास्ती या क्षेत्रात आहे.

त्यातही चिंतेचा मुद्दा खालच्या फळीचा आहे. नवा विश्लेषक हे काम पुस्तकातून शिकत नाही. पहिली दोन वर्षे तो बैठकीत कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहितो, वरिष्ठ कुठे थांबले आणि कोणता प्रश्न फिरवून विचारला हे पाहतो, ‘बघू’चा अर्थ त्याला तिथे उमगतो. इतिवृत्त यंत्र लिहू लागले, की त्याला बैठकीत बसवण्याचे कारण संपते. आणखी दहा वर्षांनी यंत्राचा मसुदा तपासायला लागणारा अनुभवी माणूस मग कुठून येणार, याचा हिशेब आजच्या बचतीत धरलेला नाही.

काही बंधने साधी आणि लगेच घालता येण्यासारखी आहेत. मसुद्यातील प्रत्येक गरजेपुढे ती कोणी, कधी सांगितली हे नोंदवावे आणि जिथे कोणी सांगितले नाही तिथे ‘यंत्राचे गृहीतक’ असा शेरा असावा. अनुत्तरित प्रश्नांची यादी मंजुरीच्या पानाआधी जोडावी, परिशिष्टात नव्हे. मंजुरी देणाऱ्यांत प्रत्यक्ष वापरकर्त्यांचा, म्हणजे मेट, सेविका, तलाठी किंवा लेखा लिपिक यांचा प्रतिनिधी असावा. यांपैकी काही गोष्टी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत जुन्याच आहेत. वेळ नाही या सबबीखाली त्या टाळल्या जात होत्या आणि ती सबब आता उरलेली नाही.

खरा पेच पैशांचा आहे. सल्लागारांना शासकीय कामांत अजूनही बहुतांशी मनुष्य-महिन्यांच्या हिशेबाने मोबदला दिला जातो. सहा आठवड्यांचा मसुदा यंत्राच्या मदतीने सहा दिवसांत झाला, तर उरलेल्या पाच आठवड्यांचे काय करायचे, याबाबत निविदांमध्ये तरतूद नाही. त्या काळात विश्लेषकाला नंदुरबारच्या पाड्यावर किंवा कोरापुटच्या कामाच्या ठिकाणी पाठवता येईल, किंवा देयकाची रक्कम कमी करता येईल, किंवा यांपैकी काहीही न करता नफा वाढवता येईल. पुढच्या निविदा कोणत्या अटींवर निघतात, यावरून त्याचे उत्तर कळेल.